दोन पिवळी कार्डं

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेचे अण्णाजी झाडे तहसील कार्यालयातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर एकतीस वर्षांची कारकुनी आणि एकसष्ट लग्नं होती. कारकुनीबद्दल कोणी काही बोलत नसे. लग्नांबद्दल मात्र सगळे बोलत. जुळवलेल्यांपैकी अठ्ठावन्न अजून टिकून होती आणि उरलेल्या तिन्हींत दोष पाहुण्यांचा होता, असं अण्णाजींचं मत होतं.

बासष्टावं लग्न घरचंच होतं. मुलगी वर्षाली देवळीच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि बापाने आणलेली सात स्थळं तिने सात वेगवेगळ्या कारणांनी परत पाठवली होती. आठवं अल्लीपूरचं. मुलगा चंदन, घरची शेती, हिंगणघाटला बँकेत नोकरी. वर्षाली त्याला घरच्यांसमोर दोनदा भेटली आणि तिसऱ्यांदा घरी न सांगता भेटली. त्यावरून अण्णाजी काय ते समजले. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारी ठरलं.

त्याआधी वर्षालीने एकच गोष्ट मागितली होती. "बाबा, पत्रिका तुम्ही पहा. मले त्याचं सिकलसेलचं कार्ड पाहिजे."

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात घरोघरी ऐकून माहीत असतो, म्हणजे समजलेला कोणालाच नसतो. शिबिरात रक्त दिलं की कार्ड मिळतं. काही नसेल त्याला पांढरं, वाहक असेल त्याला पिवळं, आजारच असेल त्याला लाल. वर्षालीचं पिवळं होतं. अण्णाजींनी अल्लीपूरहून चंदनचं मागवलं, चष्मा लावून पाहिलं आणि निश्चिंत झाले. "कार्डाचंही उत्तम आहे," त्यांनी जाहीर केलं. पेपर तपासत बसलेल्या वर्षालीने मान हलवली. त्या दिवसापासून ती कामं करताना गुणगुणू लागली होती.

गुरुवारी संध्याकाळी अण्णाजी फाइल लावत बसले. प्रत्येक लग्नाची एक प्लॅस्टिकची फाइल करायची आणि साक्षगंधाच्या दिवशी ती पाहुण्यांत फिरवायची, ही त्यांची पद्धत. पहिल्या कप्प्यात दोन पत्रिका गेल्या. दुसऱ्यात दोन कार्डं, शेजारी शेजारी. पाणी प्यायला आलेली वर्षाली तिथेच थांबली.

"बाबा, हे कोणाचं?"

"जावईबापूंचं."

"हे पिवळं आहे."

"मग? तुहंही पिवळंच आहे न. पिवळ्याले पिवळं. त्याचं पांढरं निघालं असतं, तर मी स्वतःच नाई म्हणलो असतो."

वर्षाली खाली बसली. समोर तिची आई, आनंदाबाई, सुपात तूर निवडत होती. पांढरे आणि लाल दाणे मिसळलेली घरची तूर.

"बाबा," वर्षाली म्हणाली, "पांढरं असतं तरच काळजी नव्हती."

"आता हे कोणतं शास्त्र?"

वर्षालीने दोन वाट्या घेतल्या आणि सुपातले चार दाणे उचलले. वर्गात ती हे दरवर्षी करायची. हात शिकवण्याच्या सवयीने चालत होते. "रक्तातल्या पेशीचा लाल रंग कसा बनवायचा, त्याची चिठ्ठी प्रत्येकाच्या अंगात असते. दोन असतात. एक मायकडची, एक बापाकडची. पांढरा दाणा म्हणजे बरोबर लिहिलेली चिठ्ठी. लाल म्हणजे एक अक्षर चुकलेली. ही वाटी माही. एक पांढरा, एक लाल. एक चिठ्ठी बरोबर असली का काम भागते, म्हणून मी ठणठणीत. ही वाटी चंदनची. तशीच. आता डोळे मिटा न दोन्ही वाट्यांतून एक-एक दाणा काढा. ते तुमचं नातवंड."

अण्णाजींनी डोळे मिटले. पहिलं नातवंड पांढरं-पांढरं निघालं. दाणे परत टाकले. दुसरं पांढरं-लाल. तिसरं लाल-पांढरं. चौथ्या खेपेला पुन्हा पांढरं-लाल निघालं, तेव्हा ते विजयी मुद्रेने पत्नीकडे पाहू लागले.

"अजून काढा," वर्षाली म्हणाली.

लाल, लाल.

"या पोराजवळ बरोबर चिठ्ठीच नाई. याच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात न बारीक नसांत अडकतात. मग हाडं अशी दुखतात का पोरगं रात्ररात्र ओरडते. हिशेबाने चारात एक."

"चारात एक न?" अण्णाजींना वाट दिसली. "मग आजकाल चार काढते कोण? दोनावर थांबा!"

"दर खेपेले दाणे वाटीत परत जातात, बाबा. पहिलंच लाल-लाल निघू शकते."

"तुमच्या भावाले चार पोरी झाल्या," आनंदाबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "पाचवा पोरगाच म्हणून तुम्ही बँडवाल्याले सांगून आलते. का झालं?"

पाचवी मुलगी आता नागपूरला वकील होती. पण एकतीस वर्षं शेरा मारल्याशिवाय एकही कागद पुढे न सोडलेला माणूस असा सहज सुटत नाही. "मले एक सांग. इतकी खराब चिठ्ठी आहे, तर इतक्या पिढ्यांत ती संपली काऊन नाई?"

वर्षालीने पहिल्यांदा बापाकडे जरा कौतुकाने पाहिलं. हा प्रश्न तिच्या वर्गात कोणी विचारला नव्हता.

"मलेरियामुळं. एक पांढरा न एक लाल दाणा असलेल्याच्या रक्तात मलेरियाचा जंतू नीट टिकत नाई. ताप येते, पण जीव बहुतेक वाचते. ज्या भागात पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तिथं दोन पांढरेवाले तापानं जास्त मेले. दोन लालवाले या आजारानं मेले. एक-एकवाले मागं राह्यले न त्याइचीच पोरंबाळं वाढली. आपण ती पोरंबाळं."

"म्हणजे निसर्गानं सोय केली."

"सोय-बिय कोणी नाई केली. अक्षर चुकून बदललं. त्या जागी, त्या तापात ते उपयोगी पडलं, म्हणून टिकलं. यालेच उत्क्रांती म्हणतात."

"वरून कोणाची मंजुरी नाई?"

"कोणाचीच नाई."

इतकं मोठं काम कोणाच्या सहीशिवाय एवढी वर्षं चाललं, हे अण्णाजींना आजारापेक्षाही कठीण गेलं.

"मग साक्षगंध मोडाचं?" आनंदाबाईंनी विचारलं.

वर्षालीने दाणे सुपात टाकले. "तसं नाई. बाळ पोटात असतानाच तपासता येते. पण लाल-लाल निघालं तर का कराचं, हे ज्याचं त्यानं ठरवा लागते. चंदनले समजलं पाहिजे, मग तो हो म्हणो का नाई. बाबा, त्याइच्या घरच्यांदेखत तुम्हीच सांगून या. उत्तम आहे असं तुम्हीच सांगितलं होतं."

शुक्रवारी अण्णाजी पिशवीत दोन वाट्या आणि मूठभर तूर घेऊन अल्लीपूरच्या बसमध्ये चढले. रस्ताभर त्यांनी मनात उजळणी केली. चंदनचे वडील ओमप्रकाश यांना वाटलं, व्याही घरची तूर दाखवायला आले. पण अण्णाजींनी दिवाणावर वाट्या मांडल्या, रजेवर घरी असलेल्या चंदनला बोलावलं आणि दाणे काढून दाखवले. एका दिवसाच्या विद्वत्तेच्या मानाने ते बरंच बरोबर बोलले.

"मग सोपं आहे," ओमप्रकाश म्हणाले. "चौथं काढाचंच नाई."

"दाणे परत जातात, ओमप्रकाशभाऊ," अण्णाजी जन्मभर हाच विषय शिकवल्याच्या थाटात म्हणाले.

दाराशी चंदनची धाकटी बहीण सरिता उभी होती. एकोणीस वर्षांची, भर एप्रिलात पायांत लोकरी मोजे घातलेली. तिने पुढे येऊन दोन्ही वाट्यांतला एक-एक लाल दाणा उचलला आणि तळहातावर ठेवला.

"ही मी."

"तिले संधिवात आहे जी," ओमप्रकाश घाईने म्हणाले.

"बाबा, एकोणीस वर्षांच्या पोरीले कोणता संधिवात? माहं कार्ड कपाटात साड्यांखाली ठेवलं आहे तुम्ही. लाल." ती भावाकडे वळली. "दादा, तू हो म्हण का नाई म्हण, तुही मर्जी. पण माह्या दुखण्याले संधिवात म्हणणं आता बंद करा."

ओमप्रकाश खिडकीबाहेर पाहू लागले. स्थळं मोडू नयेत म्हणून त्यांनी ते लपवलं होतं. अण्णाजींना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एकसष्ट लग्नांत आपल्याला कोणी काय काय सांगितलं नसेल, याचा अंदाज त्यांना पहिल्यांदाच येत होता.

चंदन फोन घेऊन गोठ्याकडे गेला. चाळीस मिनिटं बोलत होता. तेवढ्यात इकडे दोनदा चहा झाला. तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"वर्षाली का म्हणाली?" अण्णाजींनी विचारलं.

"नाई म्हणाली. मीही तेच म्हणालो. कोण आधी म्हणालं, आता आठवत नाई."

अण्णाजींच्या सगळ्या कारकिर्दीत मुलगा आणि मुलगी इतक्या एकमताने बोलल्याचं उदाहरण नव्हतं.

बसस्टँडवर सोडायला चंदनच आला. बस हलण्याआधी तो म्हणाला, "सरिताले पाठीवर घेऊन याच ठिकाणून कितीदा बस पकडली, काका. भाऊ म्हणून निभावलं. बाप म्हणून निभणार नाई. अन् बाळ पोटात असताना तपासून ठरवा म्हटलं, तर ठरवताना समोर सरिताच दिसन." अण्णाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आले तेव्हा वर्षाली स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. गुणगुणत नव्हती. भाकऱ्या नेहमीपेक्षा जाड होत होत्या आणि आनंदाबाई तिला काही म्हणत नव्हत्या.

"सरिताची औषधं चालू आहेत का?" तिने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"संधिवाताचा लेप चालू आहे."

वर्षालीचा हात थांबला. "यावर रोज घ्यायची गोळी असते, बाबा. दुखण्याचे झटके कमी होतात तिच्यानं. तिले वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आणा म्हणा."

"म्हणलो मी. सोमवारी येते म्हणाली. चंदन घेऊन येणार आहे."

तव्यावरची भाकरी फुगली आणि खाली बसली.

"मग मी नाई जात," वर्षाली म्हणाली. "एवढ्यात नाई."

"मी जातो," अण्णाजी म्हणाले.

"तुम्ही?" आनंदाबाईंनी विचारलं. "तुम्ही तिथं जाऊन का करान?"

अण्णाजींनी विचार केला. दवाखान्यात सकाळी सातपासून रांग असते, अल्लीपूरची बस नऊच्या आधी पोचत नाही.

"नंबर लावीन," ते म्हणाले.