कोरडी खोली

"उज्वले, बाजूला हो. बादली जड हाय," आक्का म्हणाल्या.

मी झाले नाही. गच्चीवरच्या खोलीच्या दारात चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिले. आज आमच्या यांचा दहावा होता. पुरुषमाणसं रामकुंडावर गेली होती आणि रिवाजाप्रमाणे आम्ही बायका सुतकातलं घर धुऊन काढत होतो. स्वयंपाकघर झालं, जिना झाला, उरली होती यांची प्रयोगशाळा. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण, वत्सलाबाई. कळवणहून आलेल्या, आणि एकदा पदर खोचला की कुणाच्या बापाचं न ऐकणाऱ्या.

"आक्का, या खोलीत पाणी न्यायचं नाही."

"का? माझ्या भावाची खोली तेवढी इटाळाची ठेवायची? त्याचा जीव हितंच घुटमळंल. दहा दिवसांत परकं केलंस व्हय आम्हाला?"

मागे जिन्यात दोघी-तिघी कुजबुजल्या. आत काहीतरी दडवलंय, असा सूर कानावर आला. मला फार लागलं ते.

हे शाळेत विज्ञान शिकवायचे. तिथल्या प्रयोगशाळेला बारमाही कुलूप, म्हणून यांनी घरीच एक थाटली. रविवारी आसपासच्या खेड्यांतली मुलं यायची. दुसऱ्यांचे नवरे पत्ते कुटतात, आमचे बरण्या पुसत बसायचे. पण शिस्त अशी की खोलीत नळ घेऊ दिला नाही. आम्लाच्या बाटल्या सगळ्यात खाली, ट्रेमध्ये. परमँगनेट एका भिंतीला तर ग्लिसरिन समोरच्या कपाटात. काही रसायनांचं नणंदा-भावजयांसारखं असतं, म्हणायचे, एका फळीवर ठेवलं की भडका. आणि सोडियम तेलात बुडवलेलं, त्या बरणीभोवती पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा औषधाच्या दुकानातून पॅराफिन तेल आणायला लागले. तेल खाली गेलं नाही ना, हे बघितल्याशिवाय गावाला जायचे नाहीत.

हे सगळं आक्कांना सांगून पटणार नव्हतं. त्यांना भावाचा जीव मोकळा करायचा होता, आणि हातात बादली होती. नुसतं बोलत बसले असते तर त्यांनी मला ढकलून फळ्यांवर पाणी ओतलं असतं.

"बादली खाली ठेवा आणि टाकीमागे उभ्या राहा," मी म्हणाले. "दाखवते."

गच्चीच्या पार टोकाला घमेल्यात पाणी ठेवलं. यांचा प्लास्टिकचा जाड चष्मा चढवला, तो सारखा नाकावरून घसरायचा. "सुतकात हे काय सोंग," आक्का टाकीमागून पुटपुटल्या. यांनी शिकवलं होतं तसं चिमट्याने सोडियम काढलं, सुरीने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापला, बाकीचं पुन्हा तेलात ठेवून डबा आत नेला. दाणा लांब चिमट्याने पाण्यात सोडला आणि मागे सरले.

तो पाण्यावर सैरावैरा पळाला, फुसफुसला, पिवळा जाळ झाला आणि फट्ट करून उडाला.

जिन्यातली कुजबुज थांबली.

"असलं आत किती हाय?" आक्कांनी विचारलं.

"मूठभर."

आक्का बादलीपाशी खालीच बसल्या. "आन मी आख्खी बादली घिऊन निघाले व्हते." मग खोलीकडे बघत म्हणाल्या, "ह्याच्याखाली झोपायचा कसा गं तो?"

"निवांत. आम्हीसुद्धा."

बोलता बोलता मला भरून आलं. या खोलीखाली माझी पोरं वाढली. कितीक मुलं इथं शिकून गेली, कुणाच्या बोटाला साधा चटका बसला नाही. गजरा आणणाऱ्यांतले हे नव्हते, पण आमच्या जिवाला इतकं कोण जपतं? मी फार उपकार मानते त्यांचे. एकदा मी त्यांना तोंडावरही तसं सांगितलं होतं. तेव्हा म्हणाले, "ते असू दे, तेल बघितलंस का?"

यांची विद्यार्थिनी हर्षाली आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. येत्या रविवारी ती येऊन हे सगळं रीतसर घेऊन जाणार आहे. "मग धुवा मनसोक्त," मी आक्कांना म्हटलं. "तोवर कोरडीच झाडू."

आक्कांनी बादली जास्वंदीच्या कुंडीत रिकामी केली. ओल्या लुगड्याचा काठ पिळला, हातपाय खसखसून पुसले, केरसुणी घेतली आणि उंबऱ्याशी आल्या. आत खिळ्याला यांचा पांढरा कोट होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आक्का थबकल्या आणि एक पाऊल मागे आल्या.

"उज्वला, डोळ्याला पाणी येतंय गं. आत चालंल का?"

"चालेल, आक्का. जा."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. बाहेरच भिंतीला टेकून पोटभर रडल्या. मग कोरड्या पदराने चेहरा टिपला, पापण्यांना बोट लावून बघितलं, आणि आत गेल्या.