तळाचा डबा

दा-हेचा फोन आला तेव्हा इन-सुक पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचून न्हाणीघर घासत होती.

"आई, आम्ही दोघं गुनसानच्या स्टँडवर उतरलोय. वीस मिनिटांत घरी. उगाच घाट घालू नकोस, असेल ते वाढ."

"दोघं म्हणजे?" पण फोन बंद झाला होता.

दोघं! एकतीस वर्षांच्या या पोरीने आजवर घरी साधं मांजर आणलं नव्हतं. इन-सुकने ब्रश तिथेच टाकला आणि ती ओल्या पायांनी स्वयंपाकघराकडे धावली. नवरा बोटीवर, घरात भात, चार अंडी आणि समुद्री शेवाळाची वाळवलेली पानं. तिच्या माहेरी पाहुण्याने स्वतःहून दुसरा वाडगा भात मागितला तरच बायका म्हणत, जमलं. आणि वीस मिनिटांत असा भात मागायला लावणारं एकच तोंडीलावणं होतं. परतलेली किमची, म्हणजे तिखट मसाल्यात मुरवलेला कोबी.

तिने किमचीचा वेगळा फ्रीज उघडला. मागच्या वर्षीची किमची संपली होती. नवीन घालून जेमतेम आठ दिवस झाले होते. कोवळी किमची परतली तर ती नुसती कोबीची भाजी होते, आणि तेवढ्यासाठी काही कोणी दुसरा वाडगा मागत नाही.

तळाशी मात्र एक डबा होता. दोन वर्षं न उघडलेला. थोरल्या जावेचा, बोंग-सुनचा.

दोन वर्षांपूर्वी सगळं घर बोंग-सुनकडे जमून हिवाळ्याची किमची घालत होतं. बोंग-सुनने इन-सुकचा मसाला बोटाने चाखला आणि ती दहा जणांदेखत म्हणाली, "यात मासळी घातलीस की अख्खा मासळीबाजार?" सगळे हसले. इन-सुक हातातल्या लाल रबरी मोज्यांसकट उठली ती तिथे परत गेलीच नाही. आठवड्याने कुरियरने हा डबा आला. अन्न टाकवेना आणि मान खाली घालून खाववेना, म्हणून तो तळाला गेला. मानी माणसाचा फ्रीज असा भरलेला असतो.

पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. तिने झाकण उघडलं. आंबट वासाने नाक झणझणलं. एक पान तोडून तोंडात टाकलं आणि ती तशीच उभी राहिली.

"मेली!" ती रिकाम्या घराला म्हणाली. "मेली, इतकी चांगली मुरलीय!"

मग काय, हाताला चाकं लागली. पानं पिळली, भराभर चिरली. तेलात कांद्याची पात आणि लसूण टाकला, वर किमची. कढई चरचरली, खिडकीची काच धुरकटली. आंबटपणा मोडायला चमचाभर साखर, मग डब्यातलंच थोडं पाणी आणि झाकण. पानं मऊ होऊन चकाकायला लागली, तसं तिने गॅस बंद करून तिळाचं तेल सोडलं. तेवढ्यात बेल वाजली. पायजमा अजून गुडघ्यावरच होता!

ते-ग्यू नावाचा तो उंच मुलगा दारातच कमरेत वाकला. जेवायला बसला तेव्हा लाजत होता. किमचीचा पहिला घास घेतला आणि लाजणं विसरला. वाडगा रिकामा झाला. इन-सुकने श्वास रोखून धरला.

"काकू, अजून थोडा भात मिळेल?"

मिळेल? डोंगर मिळेल! तिने असा काही वाडगा भरला की दा-हे म्हणाली, "आई, तो माणूस आहे, बैल नाही."

"काकू, ही तुमच्या हातची?" ते-ग्यूने विचारलं. "पुढच्या वर्षी घालाल तेव्हा मला बोलवा. मीठ लावायला, कोबी उचलायला, सांगाल ते. मी दरवर्षी येईन."

दरवर्षी! दा-हेचे कान लाल झाले. इन-सुकला आनंदाने रडूच यायला लागलं. नुसती मान हलवायची होती. पोरगी किती अभिमानाने बघत होती. पण घशाशी आलेलं खोटं काही बाहेर पडेना.

"माझ्या हातची नाही," ती म्हणाली. "दा-हेच्या मोठ्या काकूची आहे. आणि तुला बोलवायचं तर आधी मला एक फोन करावा लागेल."

दा-हेचे चॉपस्टिक्स हवेतच थांबले. इन-सुकने तिथेच, सगळ्यांसमोर, नंबर लावला.

"जाऊबाई, मी इन-सुक. तुमचा डबा आज उघडला."

पलीकडे टीव्ही मोठ्याने चालू होता.

"आज?" बोंग-सुनचा आवाज बारीक झाला. "मग? कशी लागली?"

इन-सुकने डोळे मिटले. "फार चांगली लागली, जाऊबाई. माझ्यापेक्षा चांगली."

फोन कुठेतरी आपटला आणि लांबून आरोळी ऐकू आली, इतकी मोठी की ते-ग्यूसुद्धा दचकला. "अहो, तो टीव्ही बंद करा! ऐकलंत का? इन-सुकने खाल्ली! इन-सुकने खाल्ली हो!"