पोटातली आजी

काटा खाली आला आणि अख्खा मंडप दणाणला.

"किती उतरलं? किती?" मागच्या बायका टाचा उंचावून विचारू लागल्या.

"चार किलो!" संदेष्टा सॅमसन माईकमध्ये ओरडला. "तीन दिवसांत चार किलो! कुठे गेले हे चार किलो, भावांनो?"

"नरकात!"

"कोणी नेले? डॉक्टरने?"

"नाही!"

"सुईने?"

"नाही, नाही!"

वजनकाट्यावर उभा असलेला अन्सा, कॅलाबार शहरातल्या नदीवरचा नावाडी, ओशाळं हसत होता. इतकी चरबी रोज नरकात जाऊन पडत असेल तर तिथली आग किती भडकत असेल, हा विचार त्या गर्दीत कोणाच्याही डोक्यात आला नाही.

मायेनच्याही नाही. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या जोडून ती बसली होती. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती पोटावर हात ठेवून कानोसा घेत होती. आत तिची आजी बोलत होती.

आजीला जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती. लग्नाआधी तिनेच मायेनला पोसणीच्या खोलीत बसवलं होतं. कॅलाबारच्या चांगल्या घरांतली ती जुनी रीत. पोरीने काडी हलवायची नाही. अंग चोळून घ्यायचं, झोपायचं आणि खायचं. फुफूचा, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदाचा, एकेक गोळा पाम तेलाच्या रश्श्यात बुडवून आजी स्वतःच्या हाताने भरवायची. "आणखी एक घास. माझ्यासाठी." मायेन खोलीबाहेर पडली तेव्हा गल्ली बघायला लोटली होती आणि सासरची माणसं अभिमानाने फुगून गेली होती. एवढी माया तिला नंतर कोणी केली नाही, नवऱ्यानेही नाही.

आता पन्नाशीत साखर वाढली, रक्तदाब वाढला, गुडघे बोलू लागले. दवाखान्यातल्या डॉ. एमेमने सगळ्या तपासण्या करून साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि वजन उतरवणारं, आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं. फुफू निम्म्यावर आणला, पालेभाजी वाढवली, संध्याकाळी नदीकाठी चालायला लावलं. वजन हळूहळू उतरत होतं. डॉक्टर खूश होती.

पण घरात भलतंच घडलं होतं. रश्श्याचा वास सुटला की मायेनच्या कानात आजीचा आवाज यायचा, जन्मभर यायचा. तो बंद झाला. चार घासांत हात थांबायचा. ताट समोर तसंच, घर गप्प. आजी रुसून निघून गेल्यासारखं तिला वाटायचं आणि एकटीला रडू यायचं.

कॅलाबारात कोणी अर्ध्या ताटावरून उठलं तर पोट भरलं असेल असं कोणी म्हणत नाही. कोणीतरी करणी करून तोंड बांधलं असं म्हणतात. तिची नणंद अरितही तेच म्हणाली. "वहिनी, हे साधं नाही. तुझं तोंड बांधलंय कोणीतरी. चल सॅमसनकडे."

सॅमसनने मायेनच्या पोटावर हात ठेवला, डोळे फिरवले आणि आधी अरितकडून काढून घेतलेली सगळी हकिगत दैवी आवाजात परत ऐकवली. "म्हातारी आत आहे! सुईने तिला कोंडलंय. उपाशी तडफडतेय बिचारी! सुई सोड, गोळ्या सोड. हा मुक्तीचा चहा पी. ती वितळून बाहेर पडेल."

मायेनने सुई सोडली. काही आठवड्यांत आवाज परत आला, आणि तो आता मायेचा नव्हता. आजी ओरडत होती. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, भर दुपारी. *दे. आणखी दे.* मायेन खायची, मग भीतीने तो कडू चहा प्यायची आणि दिवसभर लघवीला धावायची. सॅमसनच्या काट्यावर तिचं वजन उतरू लागलं. पण पायांत असे गोळे यायचे की ती किंचाळायची. छातीत काहीतरी फडफडायचं.

"धडपडतेय ती, दार शोधतेय," सॅमसन सांगायचा. "चहा वाढव!"

आणि आज तिची पाळी होती.

"ये, माउली! तुझ्या पोटातल्या म्हातारीला आज निरोप देऊ!"

मायेन काट्यावर चढली. मंडप गोल फिरला. छातीतली फडफड घशापर्यंत आली, आजी आतून काहीतरी ओरडली आणि मायेन धाडकन खाली कोसळली.

"निघाली! म्हातारी निघाली!" सॅमसनने संधी सोडली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अरितने मात्र वहिनीचे पांढरे पडलेले ओठ पाहिले आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात सलाईन चढलं, हृदयाचा आलेख निघाला. मायेनने डोळे उघडले तेव्हा अरित पिशवीतून बाटली काढून म्हणत होती, "एक घोट घे गं, चहा आहे." डॉ. एमेमने ती हातातून हिसकावून घेतली आणि तपासायला पाठवली.

संध्याकाळी प्रयोगशाळेतून निरोप आला आणि डॉक्टर खाटेवर येऊन बसली.

"मावशी, या चहात लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची भुकटी आहे. तुझ्या अंगातलं पाणी गेलं, पाण्याबरोबर क्षार गेले. म्हणून गोळे, म्हणून फडफड. आणखी थोडा प्यायली असतीस तर हृदय बंद पडलं असतं."

"मग आजी?" मायेनने हळूच विचारलं. "तिचा आवाज मी ऐकलाय गं. खोटं नाही सांगत."

"खोटं नाहीच. भूक लागली की मेंदू हाक मारतो. तुझ्या मेंदूला ती हाक आजीच्या आवाजात मारायची सवय आहे, कारण तिनेच तुला भरवलं. इंजेक्शनने भूक शांत झाली, हाक थांबली. इंजेक्शन सोडलंस, भूक परत आली. भूक अशी गप्प होईल हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. मी फक्त वजनाचं बोलत राहिले. चुकलं माझं."

मायेन कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून रडली. भूत गेलं होतं, पण त्याबरोबर आजीही दुसऱ्यांदा गेली होती.

बरी झाल्यावर ती डॉक्टरला घेऊन मंडपात गेली. सॅमसन रंगात आला होता. "बघा, मुक्त झालेली बहीण आली!"

मायेनने अन्साकडे बोट दाखवलं आणि डॉक्टर सरळ त्याच्याकडे गेली. "दादा, चार किलो उतरले ना? मग पट्टा किती भोकं आत गेला?"

अन्साने पोटाकडे पाहिलं. "एकही नाही. पूर्वीचंच भोक आहे."

"आणि घरी जाऊन पोटभर पाणी प्यायल्यावर?"

"वजन परत जागेवर आलं," अन्सा चाचरला. "संदेष्टा म्हणाले, माझी श्रद्धा कमी पडली."

"श्रद्धा नाही, पाणी कमी पडलं होतं. ओला टॉवेल पिळला की हलका होतो, त्याचा एक धागाही कमी होत नाही. चहात लघवीच्या गोळ्या आहेत." तिने बाटली सॅमसनपुढे धरली. "खोटं वाटत असेल तर तुम्हीच घ्या दोन ग्लास."

"देवाच्या माणसाची परीक्षा घेतेस?" सॅमसन गरजला, पण दोन पावलं मागे सरला.

"ओरडू नकोस, पी!" मागून एक बाई ओरडली. कोणीतरी हसलं.

मायेनने त्याच्या हातातून माईक घेतला. 

"माझी आजी माझ्या अंगात नाही. मी स्वतः तिला माती दिली आहे. मला भूक लागायची आणि मी त्या भुकेला आजी म्हणायचे. माझी भीती बघून या माणसाने तिचं भूत केलं. अरे, जिने एवढा जीव लावला, ती माझा जीव घ्यायला येईल का? हे एवढं साधं मला सुचलं नाही, आणि मी मरायला टेकले."

मागच्या बायका पुढे सरकल्या.

"मी परत इंजेक्शन घेते आहे. सगळ्यांना ते चालत नाही. डॉक्टर तपासेल आणि ठरवेल. चालावं लागतं, ताट आवरावं लागतं, महिन्याला रक्त तपासावं लागतं. हळू उतरतं, पण जे उतरतं ते खरं उतरतं. तुम्ही मला मानू नका, डॉक्टरलाही मानू नका. पण तोंडात काही घालण्याआधी विचारा, यात काय आहे? विचारल्याने देव रागावत नाही. ज्याला लपवायचं असतं तोच रागावतो."

अन्सा उठून उभा राहिला. आपली चहाची बाटली त्याने सॅमसनच्या पायाशी ठेवली.

"सांगा," तो म्हणाला. "यात काय आहे?"