एक हजार चारशे खुणा

शेवटच्या साध्या दिवशी बाबा आणि मी भांडलो, तेही झिपवरून.

मंगळवार होता. दुकानाच्या मागच्या खोलीत एका जुन्या पायमशीनच्या लाकडी पाटावर लॅपटॉप ठेवून बाबा बसले होते. सवयीने त्यांचे पाय खालच्या पट्टीवर होते. वाचताना पाय हलायचे आणि पट्टा काढलेला असल्यामुळे चाक नुसतंच फिरायचं. पुढे दुकानात आई एका मशीनचं पोट उघडून बसली होती. आमचं दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, दुरुस्ती बाबा करतात, कारण बोलायचे तेच. खरं काम आईचं. "हात माझे, तोंड यांचं," असं ती म्हणायची, आणि बाबा त्यावर तोंडानेच हो म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी मी बाबांना एक साइट करून दिली होती. एका तक्रारीला एक पान. टाका सुटतो. दोरा खाली गुंततो. मशीन कुरकुरतं. ते हाताने लिहायचे, मी टाइप करणाऱ्याकडे द्यायचे; साइटवर पान टाकणं आणि नंतरच्या दुरुस्त्या ते स्वतःच करायचे. अशी एकसष्ट पानं झाली. पण पानं वाचायला माणसं यायला हवीत, म्हणून मी त्यांना खुणांच्या साइट दाखवल्या. तिथे लोक आपल्याला आवडलेल्या पानांच्या लिंक जपून ठेवतात, शेजारी दोन ओळींची टीप लिहितात, आणि ते सगळं इतरांनाही दिसतं. कुणी 'शिवणकाम' असं शोधलं की त्या खुणा समोर येतात. बाबांनी तिथे आपली पानं ठेवावीत, एवढीच माझी अपेक्षा होती.

"काय करताय?" मी विचारलं.

"खूण ठेवतोय. या बाई झिप दुरुस्त करायला शिकवतात. फार नीट शिकवतात."

"दोन तास झाले बाबा. आपली किती पानं ठेवलीत आज?"

"आज एकही नाही."

"म्हणजे आपल्या दुकानाची जाहिरात करायला बसायचं आणि पाट्या रंगवायच्या दुसऱ्यांच्या."

"आपल्याकडे झिप होत नाही. झिप घेऊन कुणी आलं तर आपण काय सांगतो? कोपऱ्यावरच्या बाईंकडे जा. तेच सांगतोय इथे."

"कोपऱ्यावरच्या बाई आपल्याला गिऱ्हाईक पाठवतात. या बाई कुठे राहतात ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही. पण तिसऱ्या चित्रात त्यांनी पक्कड उलटी धरलीय, ते कळवलंय."

"कळवलंत ना?" आई पुढून म्हणाली. "चला, आता त्या बाई सुखाने जेवतील."

बाबांचा एक नियम होता. पान शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खूण ठेवायची नाही, आणि टिपेत एक चांगली गोष्ट लिहायची आणि एक चुकलेली. त्यामुळे एका खुणेला त्यांना अर्धा-पाऊण तास लागायचा. मी म्हणाले, या वेगाने आपली साइट लोकांना कळेपर्यंत शिलाई मशीनच राहणार नाहीत जगात.

ते हसले. मग म्हणाले, "प्रूफवाल्या बाई, काल नवीन पान टाकलंय. वाचलंत?"

मी एका प्रकाशनसंस्थेत पुस्तकं तपासते. दिवसभर वाचते, घरी येऊन वाचते, जेवताना वाचते.

"हो," मी म्हणाले. "छान झालंय."

"चुका?"

"एक-दोन आहेत. सांगते नंतर."

मी ते पान वाचलं नव्हतं. त्याआधीची साठही वाचली नव्हती. शिलाई मशीनबद्दल काय वाचायचं, असं मला वाटायचं. याहून मोठं कारण नव्हतं. चुका आहेत असं म्हटलं, कारण नुसतं छान म्हटलं की ते खोदून विचारायचे.

बुधवारी सकाळी दुकानाचं शटर वर करताना बाबा खाली बसले. शटर अर्धंच वर गेलं होतं. त्या दिवसाबद्दल मी इथे याहून जास्त लिहिणार नाही.

महिनाभराने आईने दुकान पुन्हा उघडलं. ती सकाळी जाऊन बसायची आणि संध्याकाळपर्यंत त्याच चार मशीनना तेल घालायची. बोलणारा माणूस गेल्यावर गिऱ्हाइकांनी गृहीत धरलं की दुकानही गेलं. दाराशी येऊन लोक विचारायचे, "आता दुरुस्ती कोण करतं?" आई म्हणायची, "मीच." ते म्हणायचे, "नाही, म्हणजे त्यांच्याऐवजी कोण?"

जागेचा करार तीन महिन्यांनी संपत होता. आईने मला आणि माझ्या मामेभावाला समोर बसवून सांगितलं, "कामं आली तर मी चालवीन. नाही आली तर किल्ली मालकाच्या हातात देईन. रडारड नको."

"घरी बसून काय करशील?" मी विचारलं.

"तुझ्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालीन. मग खिडक्यांच्या. मग तू मला हाकलशील."

हे ती हसत म्हणाली, पण हातातला स्क्रू ड्रायव्हर तिने खाली ठेवला नाही. पन्नास वर्षं या हातांना काम होतं. ते काढून घेतलं तर तिचं काय होईल, हे मला नेमक्या शब्दांत सांगता येत नव्हतं आणि झोपही येत नव्हती.

मामेभाऊ जाहिरात कंपनीत आहे. आम्ही त्याला प्रचारमंत्री म्हणतो. तो म्हणाला, "ताई, साइट आहे ना हाताशी? मग काळजी कसली. आत्याचं दुकान मी आठवडाभरात गाजवतो."

त्याचा बेत सोपा होता. खुणांच्या साइट, गप्पांचे गट, फोटोंच्या साइट, मिळून छत्तीस ठिकाणी खाती उघडायची आणि एकाच दिवशी सगळीकडे आमच्या साइटची लिंक टाकायची. शेजारी एकच मजकूर: 'शिलाई मशीनच्या प्रत्येक समस्येवर एकमेव खात्रीचा उपाय.' मजकूर त्याने लिहिला आणि मी तपासला. व्याकरणात एकही चूक नव्हती.

रविवारी सकाळी दहाला आम्ही सुरुवात केली आणि बाराला संपवली. प्रचारमंत्र्याने चहा मागवला. दोन वाजेपर्यंत एकोणीस खाती बंद झाली होती. चार वाजेपर्यंत एकतीस.

"मोहीम जरा जास्तच पोचली," तो म्हणाला.

"कुठे?"

"कचऱ्यात."

शिवणकामाच्या सगळ्यात मोठ्या गटातून मात्र उत्तर आलं. गट सांभाळणाऱ्या गृहस्थांना बाबा मुकादम म्हणत. त्यांनी लिहिलं होतं: 'ही भिंत पत्रकं चिकटवायला नाही. याच दुकानाचे एक गृहस्थ इथे होते. ते असं करत नसत. त्यांची खूण कुणाच्या पानावर पडली की तो माणूस आठवडाभर खूश असायचा. कृपया त्यांचं नाव वापरू नका.'

मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर बोलतो माणूस. तुम्ही दोघं दारोदार पत्रकं टाकत सुटलात, आणि बेल वाजवून पळालात."

मग मी बाबांच्या खात्यावर गेले. एक हजार चारशे बारा खुणा होत्या. आमच्या साइटच्या फक्त नऊ. बाकी सगळ्या परक्यांच्या. बटणं जमवणारे, पडदे शिवणारे, तंबूचं कापड सांधणारे, बाहुल्यांचे कपडे करणारी एक आजी. प्रत्येकापाशी टीप. 'या गृहस्थांनी कात्रीला धार लावणं इतकं सोपं करून सांगितलं आहे की मला माझी लाज वाटली. मात्र शेवटी बोट कापलं तर काय करावं ते लिहायला हवं.' 'आजींच्या बाहुल्यांना खिसे आहेत, हे फार आवडलं. चौथ्या बाहुलीचा एक हात मागच्या बाजूला आहे.' आणि त्याखाली आजींचं उत्तर: 'तिला तसाच आवडतो.'

तीन दिवस मी त्या खुणा वाचल्या. वाचताना दोनदा मोठ्याने हसले, आणि ऑफिसातल्या शेजारणीने काय वाचतेस म्हणून विचारलं तेव्हा तिला बाहुलीच्या हाताची टीप दाखवली. चौथ्या दिवशी आमच्या साइटची पानं वाचायला घेतली. एकसष्ट पानांत बाबांनी 'मी' हा शब्द अगदी थोड्या वेळा वापरला होता. 'आमच्या घरच्या कारागीर सांगतात', 'घरच्या कारागिरांनी हे असं केलं', असंच सगळीकडे.

"आई, हे वाचलंयस?"

"मी कशाला वाचू? मीच सांगितलंय ते त्यांना."

प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांनी दुरुस्त्यांची नोंद ठेवली होती. शेवटचं, एकसष्टावं पान सुई दोरा पकडत नाही या तक्रारीवर होतं. त्याच्या तळाशी मंगळवारची नोंद होती. 'मुलगी म्हणते, या पानात एक-दोन चुका आहेत. ती पुस्तकं तपासते, तिची नजर पक्की आहे. चार वेळा वाचलं, मला सापडल्या नाहीत. ती सांगेल तेव्हा सुधारीन. तोवर वाचणाऱ्यांनी या पानावर विसंबून राहू नये.'

मी ते पान सहा वेळा वाचलं. मग छापून आईपुढे ठेवलं. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"सुई अगदी खाली जाते, मग केसभर वर येते, तेव्हा दोरा पकडणाऱ्या हुकाचं टोक तिच्यामागे आलं पाहिजे. हेच लिहिलंय. यात काय चुकलंय?"

"काही नाही."

"मग खाली असं का लिहिलंय?"

"बघते मी," मी म्हणाले.

मुकादमांना मी पत्र लिहिलं. मी त्यांची मुलगी आहे, पत्रकं मीच चिकटवली, पुन्हा चिकटवणार नाही, एवढंच. त्यांनी मला गटात घेतलं. मग मी बाबांच्या नियमाने कामाला लागले. रोज दोन पानं शेवटपर्यंत वाचायची, एक चांगलं, एक चुकलेलं. आमची लिंक कुणी विचारली तरच द्यायची. गटात मशीनबद्दल प्रश्न आला की मी आईला फोन करायचे, ती सांगेल ते लिहायचे आणि खाली 'घरच्या कारागीर' अशी सही करायचे.

"विचार त्याला, तेल कुठलं घातलं," आई म्हणायची.

मी विचारायचे. "खाण्याचं, म्हणतात."

"मग म्हणावं, मशीनला जेवण नको होतं."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. त्या उत्तराखाली दोनशे लोक हसून गेले. झिपवाल्या बाईंनी आमच्या एकसष्टपैकी बावीस पानांवर खुणा ठेवल्या, प्रत्येकीच्या टिपेत एक चांगलं आणि एक चुकलेलं. कात्रीवाल्या गृहस्थांनी त्यांच्या साइटवर लिहिलं, 'मशीन बिघडलं तर या बाईंकडे न्या.' बाई असं लिहिलं होतं. पहिल्यांदाच.

दुसऱ्या महिन्यात एक शिंपी बाळाच्या ढकलगाडीत मशीन घालून घेऊन आला. बाळ खांद्यावर होतं. "दुरुस्ती कोण करतं?" असं त्याने विचारलंच नाही. थेट आईला म्हणाला, "खाण्याचं तेल मीच घातलं होतं." त्यानंतर मशीन येत राहिली. मागच्या खोलीत ठेवायला जागा उरेना, म्हणून प्रचारमंत्र्याला मांडणी ठोकायला लावली. करार संपायच्या आदल्या आठवड्यात मालक आले, तेव्हा आईचे दोन्ही हात तेलाने माखले होते. सही करायला तिने त्यांना पाऊण तास बसवून ठेवलं.

एक गोष्ट राहिली होती. गटात अधूनमधून कुणी विचारायचं, एकसष्टाव्या पानातल्या चुका कोणत्या? सगळ्यात जास्त अडणारी तक्रार तीच, आणि त्याच पानावर विसंबू नका असं लिहिलेलं. लोक वाचायचे आणि तळाशी येऊन थांबायचे. मी उत्तर टाळत राहिले.

"ताई, ती ओळ काढून टाक," प्रचारमंत्री म्हणाला. "एक बटण दाबायचं. कोण बघतंय?"

मी दोनदा ती ओळ निवडली आणि दोनदा सोडून दिली. ओळ बाबांची होती. ती लिहायला लावली होती मी.

शनिवारी दुपारी गटाची बोलण्याची बैठक असते, सगळे आपापल्या घरून ऐकतात. त्या शनिवारी मुकादमांनी मला बोलावलं. आई शेजारच्या स्टुलावर मशीनचा हूक पुसत होती. प्रचारमंत्री दाराशी मांडणीचा शेवटचा खिळा ठोकत होता, त्याला आईने हातानेच थांबवलं. मुकादमांचा आवाज माझ्या कल्पनेपेक्षा तरुण निघाला.

"बाबांच्या सगळ्या पानांच्या पहिल्या वाचक आज आपल्यात आहेत," ते म्हणाले. "ताई, एकसष्टाव्या पानाचं बऱ्याच लोकांचं अडलंय. त्यात तुम्हाला काय चुकीचं आढळलं होतं?"

चारशे लोक ऐकत होते. आईने पुसणं थांबवलं.

"काहीच चुकीचं नाही," मी म्हणाले. "ते पान तुम्ही बिनधास्त वापरा. मी पहिली वाचक नाही, बहुतेक शेवटची असेन. बाबा, तुम्ही 'वाचलंत?' म्हणून विचारलंत तेव्हा मी ते उघडलंही नव्हतं. एकही पान वाचलं नव्हतं मी तुमचं. आता सगळी वाचली आहेत."