मला घर म्हणून लिहा

मी बोलतोय ते उभ्याउभ्याच, कारण मला बसता येत नाही आणि आपलं आपण चालताही येत नाही. मी एक ट्रेलर आहे. इकडं अमेरिकेत माझ्यासारख्याला 'फिफ्थ व्हील' म्हणतात. मला इंजिन नाही. माझी पुढची बाजू मानेसारखी उंच आहे. ती पिकअप ट्रकच्या पाठीवर टेकवायची आणि ट्रक नेईल तिकडं मुकाट्यानं जायचं. मानेच्या वर झोपायची खोली, मधे ओटा, फ्रिज, सोफा, मागं मोठी खिडकी. बटण दाबलं की माझी एक भिंत बाहेर सरकते आणि खोली ऐसपैस होते. नवीन माणसाला त्याचं फार नवल वाटतं. खरं सांगू का, मलाही अजून वाटतं.

माझा जन्म इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात झाला. माझी पहिली माणसं म्हणजे एक म्हातारा आणि एक म्हातारी. थंडी पडली की ती दोघं मला घेऊन ॲरिझोनाला उन्हात जायची. म्हातारी खिडकीत बसून लोकर विणायची आणि म्हातारा माझ्याभोवती चकरा मारत टायर तपासायचा. पुढं म्हातारीच्या गुडघ्यांना माझ्या पायऱ्या झेपेनात. मग त्यांनी मला विक्रीच्या आवारात नेऊन ठेवलं. जाताना म्हातारीनं माझ्या दाराची कडी दोनदा ओढून बघितली. मी चांगला बंद झालोय ना, हे तिला बघायचं होतं.

आवारात माझे फार हाल झाले. छताखाली गांधीलमाश्यांनी घर केलं. गिऱ्हाईक यायचं, नाक मुरडायचं, जायचं.

एके दिवशी शैलेंद्र आला. मूळचा बार्शीचा. इथं डेटा सेंटर बांधतात तिथं विजेची यंत्रणा बसवायचं त्याचं काम. एक काम संपलं की दुसऱ्या राज्यात दुसरं. दर वेळी नवं घर भाड्यानं घ्या, करार करा, सामान हलवा, त्याला तो वैतागला होता. बायको मंजुषा आणि लेक आन्या मागं उभ्या होत्या. शैलेंद्रनं माझे टायर बघितले. मंजुषानं गॅसच्या शेगड्या बघितल्या, खिडक्यांच्या कड्या बघितल्या, न्हाणीघराच्या कोपऱ्यात बोट दाबून ओल आहे का ते बघितलं, आणि मग म्हणाली, "अहो, धुराची घंटा चालते का ते विचारा ना."

तेव्हाच मी ओळखलं, ही बाई मला सांभाळणार.

आणि खरंच सांभाळलं तिनं. मंजुषा म्हणजे काळजीचं पोतं आहे बघा. वारा सुटला की ती उठून खिडक्यांच्या कड्या बघते. झोपायच्या आधी गॅसच्या टाकीला हात लावून येते. निघायच्या दिवशी प्रत्येक कपाटाला चाप लावते, बरण्यांच्या मधे आन्याचे फ्रॉक कोंबते, देव टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवते. एवढ्या वेळा मी हललो, पण तिची एक कपबशी फुटली नाही. माझ्या आत आता मेथीच्या फोडणीचा वास कायमचा मुरलाय. तो मला आवडतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती माझ्या विम्याची आहे.

मला घेतलं तेव्हा शैलेंद्रचे थोरले भाऊ रवींद्रदादा यांनीच विमा काढून दिला. दादा अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, बेलव्ह्यू शहरात राहतात. स्वतःचं दुमजली घर, ऑफिसात मोठी जागा. ते म्हणाले, "पत्ता माझा दे. सुट्टीत फिरायला जायचा ट्रेलर आहे, एरवी माझ्या घरापुढच्या ड्राइव्हवेत उभा असतो, असं सांग. स्वस्तात काम होईल." थोरल्या भावाचा शब्द. शैलेंद्रनं मान हलवली आणि सही केली.

त्या ड्राइव्हवेत मी आयुष्यात एकदाच गेलो होतो. अर्धा मी आत होतो आणि अर्धा रस्त्यावर. समोरची बाई माझे फोटो काढत होती, तक्रार करायला.

पण हे नुसतं पैशाचं नव्हतं. बार्शीला शैलेंद्रच्या आईला सांगितलं होतं की कंपनीनं घर दिलंय. दिवाळीचे फोटो दादांच्या दिवाणखान्यात काढायचे. एरवीचे बाहेर काढायचे, मागं डोंगर येईल असे. मी कुठल्याच फोटोत नव्हतो. आन्या माझ्या पायरीवर बसली असली तर तिला उचलून झाडाखाली नेत. मला राग नाही आला. पण खोटं कशाला बोलू, वाईट वाटायचं.

यंदा आम्ही दादांच्याच राज्यात, पण डोंगरापलीकडच्या कोरड्या भागात, एका आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे माझ्यासारख्या चाकांवरच्या घरांच्या तळावर मुक्कामाला होतो. पलीकडच्या जागेतला ट्रेलर हीटरमुळं पेटला. माणसं वाचली, देवाची कृपा. मंजुषानं त्या बाईला चहा नेऊन दिला तेव्हा ती बाई रडत म्हणाली की विमा कंपनी भरपाई देत नाही. त्यांनी सुट्टीपुरत्या वापराचा विमा घेतला होता आणि राहत होते बारा महिने.

मंजुषा परत आली ती माझ्या भिंतीला हात लावून उभीच राहिली. त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना.

विमा नवा करायची वेळ आली. शैलेंद्रनं शनिवारी दुपारी फोन लावला. एजंट इशिता, बेलव्ह्यूच्या मराठी मंडळातल्या कुणाची तरी मुलगी, इथंच जन्मलेली. फोन स्पीकरवर होता.

"हाय शैलेंद्रदादा! जुनी पॉलिसी आहे माझ्यासमोर. काही चेंज झालंय का? यूज कसा आहे? वीकेंड्स, समर ट्रिप्स?"

"हो, तसंच," शैलेंद्र म्हणाला.

"आणि बाकीचा टाइम कुठे पार्क करता? बेलव्ह्यूलाच?"

"हो. दादाकडेच."

ओट्यापाशी मंजुषा कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "अहो!"

शैलेंद्रनं चटकन म्यूट केलं.

"खोटं नका सांगू."

"मंजू, आता मधे बोलू नकोस. दादानं सांगितलंय तसंच रिन्यू करायचंय."

"त्या बाईचं काय झालं बघितलंत ना?"

"आपला हीटर चांगला आहे."

"त्यांचाही चांगलाच होता की! आणि अहो, आग लागली तर ती दादांच्या ड्राइव्हवेत लागणार आहे का?"

"हॅलो?" फोनमधून इशिता म्हणाली. "हॅलो, ऐकू येतंय का?"

"वी कॅन हिअर यू!" आन्या फोनवर ओरडली. ती सोफ्यावर उलटी लोळत होती.

शैलेंद्र हळू आवाजात म्हणाला, "एकदा लिहून दिलं ना, की झालं. मग आपण गाडीत राहणारी माणसं. दादाचं दुमजली घर आणि मी हा असा. आईला काय वाटेल?"

एवढं तो कधीच बोलला नव्हता. मंजुषा कणकेचे हात तसेच घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली.

"मला लाज नाही वाटत हो. भीती वाटते. काही झालं तर पोरीला घेऊन कुठं जायचं, एवढंच येतं डोक्यात. ते लोक मला लाजेबद्दल विचारणार नाहीत, कुठं राहता हेच विचारणार."

मला त्यांच्याशी बोलता आलं असतं तर मी काय बोललो असतो कुणास ठाऊक.

शैलेंद्रनं म्यूट काढलं. "इशिता, सॉरी. आधी सांगितलं ते चूक आहे. आम्ही यातच राहतो. बारा महिने. हेच घर आहे आमचं."

"ओ! बरं झालं सांगितलंत. मग ही पॉलिसी तुमच्या कामाची नाही. फुल-टाइम राहणाऱ्यांची वेगळी असते, मी सांगते. पत्रं तुमच्या भावाकडे येऊ देत, पण ट्रेलर जिथं असतो ती जागा खरी लिहायची. थोडी महाग पडेल हां."

"पडू दे," मंजुषा म्हणाली. मग तिच्या प्रश्नांचा बांध फुटला. "इशिता, झाड पडलं अंगावर तर?"

"कव्हर्ड."

"गारा?"

"कव्हर्ड."

"उंदरानं वायर कुरतडली तर?"

"नाही काकू, उंदीर नाही."

"काकू? अगं, मी तुझ्याएवढीच असेन! बरं, छतातून हळूहळू पाणी मुरलं तर?"

"नाही. ती तुमची देखभाल. छत तपासत राहायचं."

"ते मी करतेच. कुणी पाहुणं पायरीवरून पडलं तर?"

"तेच तर! ट्रक ओढत असताना ट्रकचा इन्शुरन्स असतो. पण उभं असताना कुणी पडलं, तर ते या नव्या पॉलिसीत येतं, घरासारखं. जुन्या सुट्टीच्या पॉलिसीत राहत्या घरासारखं कव्हर नव्हतं. आतल्या सामानाचंही यात जास्त आहे. आणि घर जळालं तर काही दिवस हॉटेलचा खर्चही."

मग किमतीचं निघालं. एका प्रकारात मी जुना होत जाईन तशी माझी किंमत घटत जाते. दुसऱ्यात आधीच ठरवून ठेवायची, आणि मी पूर्ण गेलो तर तेवढी मिळते. शैलेंद्रनं मंजुषाकडे बघितलं. "ठरवलेली," ती म्हणाली. माझी किंमत ठरवायची पाळी कुणावर आली की मला कसंनुसं होतं, आवारातले दिवस आठवतात. पण ती ज्या आवाजात म्हणाली ना, मला एकदम नवा असल्यासारखं वाटलं.

"बस्स, आता आतले-बाहेरचे फोटो पाठवा," इशिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मंजुषानं मला असं घासलं की दसरा असावा. ओटा पुसला, देवांसमोर समई लावली, आन्याची चित्रं फ्रिजवर सरळ केली. शैलेंद्रनं फोटो काढले. बाहेरून काढताना आन्या पायरीवर बसली होती. या वेळी तिला कुणी उचललं नाही.

शैलेंद्रनं दादांना नव्या विम्याचं मेसेज करून कळवलं होतं, संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अरे, उगाच वाढवून घेतलंस. मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस दादा. पण आम्ही तुझ्याकडे राहत नाही. इथं राहतो."

दादांच्या मागून सुवर्णावहिनींचा आवाज आला, "बरोबर बोलतोय तो. मी तेव्हाच म्हणाले होते." मग दादा म्हणाले, "बरं. पुढच्या सुट्टीत आम्हीच येतो तुमच्याकडे. जागा आहे का रे?"

"भिंत सरकवतो," शैलेंद्र म्हणाला, आणि दोघं भाऊ हसले.

त्यानंतर तो मागच्या खिडकीत बराच वेळ मोबाइल घेऊन बसला. मग त्यानं ते सगळे फोटो बार्शीला आईला पाठवले. खाली लिहिलं, 'आई, हे आमचं घर. चाकांवर आहे. तुला आधी सांगितलं नाही.'

मंजुषाचा जीव टांगणीला. माझाही. बार्शीला तेव्हा नुकतं उजाडलं असेल. आईंनी लिहिलं नाही, आवाज पाठवला. मंजुषानं तो मोठ्यानं लावला.

"शैल्या, मी सगळे फोटो बघितले. मंजुषा, समई पडद्याच्या किती जवळ ठेवलीस गं! ज्योत लागली म्हणजे? आत्ताच्या आत्ता लांब सरकव. आणि शैल्या, एवढी चांगली मोठी खिडकी आहे, तिथं माझा पलंग बसेल का ते मोजून सांग."

मंजुषा उठली आणि समई सरकवली. मग ओट्याला टेकून हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. शैलेंद्र टेप घेऊन खिडकीपाशी गुडघ्यावर बसला होता.

आता आमचं इथलं काम संपलंय. उद्या ओहायोला निघायचं. कपाटांना चाप लागलेत, देव पिठात बसलेत. माझी मान ट्रकच्या पाठीवर टेकली आहे.

तुमच्याकडे एवढंच मागतो. हमरस्त्यावर माझ्यासारखं एखादं धूड तुमच्या पुढं हळूहळू चाललेलं दिसलं, तर मागून हॉर्न वाजवू नका. चढ आला की आम्हाला दम लागतो. आणि आत कुणाच्या तरी बरण्या असतात, फ्रॉकमध्ये गुंडाळलेल्या. जरा थांबा. तुम्हीही घरीच निघाला असाल, आम्ही घर बरोबर घेऊन निघालोय.