तिसऱ्या डोलकाठीची जागा

मी जहाज बोलतोय. हसू नका! पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत, जिथं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे घरामागचा पऱ्ह्या, म्हणजे एवढासा ओढा, तिथल्या खिडकीत मी उभा आहे. हातभर लांब, लाकडाचा. आणि आधीच सांगून ठेवतो, मी भित्रा आहे. वादळांच्या नि पराक्रमाच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर दुसरं दार बघा.

माझा जन्म खोक्यात झाला. दूरच्या कुठल्याशा बंदरात, दुकानाच्या फळीवर मी सुट्या तुकड्यांत पडून होतो. पातळ पट्ट्या, अर्धवट कापलेल्या फासळ्या, दोऱ्याची गुंडाळी, पितळी रंग फासलेल्या प्लॅस्टिकच्या कप्प्या. वर चित्र मात्र असं झोकदार की बघून माझी मलाच लाज वाटे. राजेशनं मला उचललं. तो मालवाहू जहाजावर खलाशी. त्याच्या बॅगेतून मी वीर स्टेशनावर उतरलो, रिक्षानं महाडला आलो, एस.टी.नं पोलादपूर गाठलं आणि शेवटची चढण त्याच्या डोक्यावरून चढलो.

गणपतीची सुट्टी होती. ओटीवर बसून त्यानं माझ्या फासळ्या जोडल्या, अंगावर पट्ट्या चिकटवल्या. त्याचे वडील हैबती शेजारी बसून नुसते बघायचे आणि मधूनच म्हणायचे, "ही पट्टी वाकडी बसलीय रे." राजेश हसून पुढची पट्टी घ्यायचा.

या वाडीत एक रीत आहे. लांब निघालेला माणूस घरात काहीतरी अर्धं ठेवून जातो. कुणी अर्धी विणलेली टोपली, कुणी अर्धा रचलेला बांध. काम अर्धं असलं की माणूस ते पुरं करायला परत येतो, असं इथली माणसं मानतात. राजेशनं मला अर्धं ठेवलं. डोलकाठ्या, शिडं, दोऱ्या सगळं खोक्यात घालून तो आईला, साळूबाईला म्हणाला, "शिमग्याला येतो नि ह्याला उभा करतो." तिनं मान डोलावली. तो वळणापलीकडे जाईपर्यंत तिनं केरसुणीला हात लावला नाही.

मला खिडकीत ठेवलं. याच खिडकीच्या गजाला एक मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला असतो, कारण अख्ख्या घरात रेंज तेवढ्याच जागी येते. म्हणून राजेशचा आवाज सगळ्यात आधी मला ऐकू यायचा. दर रविवारी. इकडून साळूबाई विचारायची, जेवलास का, थंडी हाय का, तिथं मासळी मिळते का.

माघात तो आवाज बंद झाला.

पहिल्या रविवारी हैबती म्हणाले, "रेंज नसंल." दुसऱ्या रविवारी समीक्षा आली. राजेशची धाकटी बहीण, बिरवाडीत खोली घेऊन कारखान्यात नोकरी करते. तिनं जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन लावून लावून शेवटी उत्तर काढलं. ज्या समुद्रातून राजेशचं जहाज जायचं होतं तिथं म्हणे जहाजांवर हल्ले होत होते, म्हणून वाट बदलली. सध्या संपर्क नाही, काळजी करू नका. काळजी करू नका! सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातंय?

त्या दिवशी हैबतींनी मला पहिल्यांदा मांडीवर घेतलं.

"बाबा, दादाचं काम आहे ते," समीक्षा म्हणाली.

"शिडांना नाय हात लावत गो. हे प्लॅस्टिकचं तेवढं बदलतो. तकलादू हाय."

शेतात काम नव्हतं आणि त्यांना नुसतं बसवत नव्हतं. नारळाची करवंटी घासून त्यांनी इवल्या इवल्या कप्प्या केल्या, तापल्या सुईनं भोकं पाडली. खोक्यातला दोरा केसाळ होता. त्यांनी मधाच्या पोळ्याचं मेण त्यावरून फिरवलं, तसा तो गुळगुळीत झाला. खरं सांगतो, मी देखणा दिसू लागलो. पण सुख कसलं वाटणार? एकेक भाग बसत होता. माझं अर्धेपण कमी होत होतं आणि ते त्या भल्या माणसाच्या ध्यानातच येत नव्हतं.

मग कठड्याची पाळी आली. खोक्यातला कठडा त्यांनी बोटानं मोजला आणि फेकून दिला. "एवढासा? लाट आली तर माणूस सरळ खालीच की!" शिवणीचं लाकूड तासून त्यांनी दुप्पट उंच कठडा लावला. पुढं होडी. जीव वाचवायला माझ्याबरोबर एकच होडी आली होती. हैबतींनी आणखी दोन कोरल्या.

"बाबा, हे शिडाचं जहाज. दादाचं लोखंडी, इमारतीएवढं मोठं," समीक्षा हसत म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते.

"जहाज ते जहाज. पाणी तेच ना?"

समीक्षानं डोळे पुसले आणि गोंदाची बाटली त्यांच्यापुढं सरकवली.

शिमगा तोंडावर आला. मुंबईची माणसं वाडीत उतरू लागली. दुरून कुणाची बॅग दिसली की साळूबाई अंगणात धावायची आणि परत येऊन चुलीपुढं बसायची. हैबती मान वर करत नव्हते. एका सकाळी त्यांनी खोक्यातल्या तिन्ही डोलकाठ्या काढल्या. पावसाळी हवेनं त्या वाकल्या होत्या. "वाकड्या काठीवर पोराचं जहाज कसं चालंल?" असं पुटपुटत त्यांनी शिवणीच्या तीन नव्या केल्या. पहिली बसवली. शीड चढवलं. माझा जीव अर्धा झाला. दुसरी बसवली. अहो हैबतीबाबा, थांबा! मी ओरडत होतो, पण लाकडाचं कोण ऐकतं? तिसरी त्यांनी गोंदात बुडवली आणि भोकात ठोकली.

मी पुरा झालो.

साळूबाई पाण्याची कळशी घेऊन दारात आली. तिनं मला पाहिलं आणि कळशी उंबऱ्यावरच टेकली.

"अवो, हे काय केलंत? त्याचं काम पुरं केलंत? आता तो कशापायी येल?"

हैबतींचा चेहरा पांढरा पडला. "मला... मला काय सुचंना गो," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग एकदम त्यांनी मला गुडघ्यांत धरलं आणि तिसरी डोलकाठी दोन्ही हातांनी ओढली. गोंद ओला होता, पण काठी घट्ट ठोकलेली. ती निघाली ती माझ्या पाठीची एक पट्टी घेऊनच निघाली. दुखलं का? दुखलं की! पण इतकं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

काठी त्यांनी माझ्या शेजारी आडवी ठेवली. साळूबाईनं पदरानं माझ्यावरचा भुसा पुसला. भोकातला मात्र तसाच राहू दिला.

देवाची पालखी घरी येऊन गेली. राजेश आला नाही. शिमगा सरला, मुंबईकर परतले, आणि एका भर दुपारी गजाला बांधलेला फोन वाजला. हैबतींना पिशवीची गाठ सुटेना. त्यांनी ती दातांनी तोडली.

"बाबा!" आवाज खरखरत होता. "बाबा, मी बरा हाय! लांबच्या वाटेनं चाललोय. आई कशी हाय?"

साळूबाई भिंतीला धरून खाली बसली. हैबतींनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"बाबा, ऐकू येतंय ना? माझं जहाज पुरं नाय ना केलंत?"

हैबतींनी माझ्या पाठीवरच्या भोकात बोट घातलं.

"नाय रे," ते म्हणाले. "एक काठी बाकी हाय. तुझ्यासाठी ठेवलीय."

"मग मी..." आणि फोन तुटला. कधी येतो, ते राहूनच गेलं.

तेव्हापासून त्या फोनकडं माझे कान लागलेत. काठी उपटली म्हणून फोन आला, असं मी म्हणत नाही. तो तसाही आला असता. पण साळूबाईला हे कुणी सांगायला जाऊ नका, आणि खरं म्हणजे मलाही नको.

येणारा जाणारा मला हातात घेतो. "वा, हैबतीदा, काय हात आहे तुमचा! एवढीच एक काठी राहिली की हो," असं म्हणत काठी उचलतो आणि माझ्या फासळ्या आवळतात. म्हणून हात जोडून सांगतो. कधी या वाटेनं आलात तर माझा उंच कठडा बघा, तिन्ही होड्या बघा, मेण लावलेला दोरा बोटांनी चाचपा. पण ती काठी असेल तिथंच राहू द्या. पुरं होण्याची मला अजिबात घाई नाही. राजेश यायचा आहे.