दाताच्या रंगाचं

"दाताच्या रंगाचं म्हनजे कंच्या दाताच्या?" खुर्चीत आडवी पडल्या पडल्या हौसाने विचारलं.

रामवाडीच्या दवाखान्यात डॉक्टर ऋजुताला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. तिने सरळ सांगितलं होतं, की पुढचा दात किडलाय, तिथे चांदी भरली तर बोलताना दिसेल, म्हणून दाताच्याच रंगाचं भरू. पण हौसाचे दात जन्मभर तंबाखूची मिश्री लावून चिंचोक्यासारखे झालेले. प्रश्न अगदी रास्त होता.

हौसा पेणच्या बाजारात मासळी विकायची आणि नावाप्रमाणे तिला नको त्या गोष्टींची भारी हौस. ऋजुताने रंग जुळवायची पट्टी काढली, तेव्हा काड्यांवर बसवलेले ते एकेक दात बघून ती उठूनच बसली.

"हे कोनाचं गो, बाय?"

"कोणाचेच नाहीत, मावशी. खोटे आहेत. यातला तुमच्या दाताशी जुळणारा रंग निवडायचा."

"मंग माजा यात नाय."

कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसलेली विमलबाई, हौसाची थोरली जाऊ, फिसकन हसली.

ऋजुता मात्र विचारात पडली. "असं करू या, मावशी. एक तर आहे या रंगाच्या जवळपासचं तपकिरी भरते. नाहीतर आधी दात साफ करते, मूळ रंग दिसला की त्याला जुळवते. पण मग मिश्री सोडावी लागेल. नाही सोडली तर दात वेगळे काळवंडतील, भरलेलं वेगळं, आणि ठिगळ दिसेल. तशी तोंडासाठीही ती सोडलेलीच बरी."

विमलबाईचं हसू मावळलं. "मिश्री सोडशील तू? मंग सकालची माज्याजवल कोन बसल?"

मासळीची पाटी उचलायच्या आधी दोघी जावा बोटावर मिश्री घेऊन ओट्यावर बसायच्या. नवरे, सुना, खाडीचं पाणी शेतात घुसलेलं ते वर्ष, सगळं त्या ओट्यावर बोलून झालं होतं. विमलबाई एरवी दिवसभर घुमी. काय बोलायची ते तेव्हाच. हौसाला हे पक्कं ठाऊक होतं.

"बसन ना मी, आक्का. नुसती बसन."

"नुसती बसून काय बोलायचं?"

 पण हौसाचा जीव भलतीकडेच अडकला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूने बोटावर मिश्री ठेवली, त्याआधीचे आपले दात तिला काही केल्या आठवेनात. आपल्याच तोंडात इतकी वर्षं काय दडलंय, ते न बघता घरी जायचं? ते तिच्याच्याने होणारं नव्हतं.

"कर साफ," ती म्हणाली. "बगू तरी."

यंत्र घरघरायला लागलं. विमलबाई भिंतीकडे तोंड करून बसली. सगळं झाल्यावर ऋजुताने आरसा दिला आणि हौसाने ओठ वर उचलला. पांढरेशुभ्र वगैरे काही नव्हते, किंचित पिवळसर, चांगले रेखीव दात होते.

"आयचं दात गो!" हौसा ओरडली. "माज्या आयचं दात!" आणि तिला एकदम रडू आलं.

ऋजुताने पट्टीवरचा एक खोटा दात तिच्या दाताशेजारी धरला, तो नापसंत केला, दुसरा धरला. तो जुळला. मग तिने कीड कोरून काढली, त्या रंगाचं भरलं, निळा उजेड मारून घट्ट केला, घासून गुळगुळीत केला. कीड कुठे होती ते हौसाच्या जिभेलाही सापडेना.

"आक्का, बग."

विमलबाई फुरंगटूनच उठली. हौसाची हनुवटी धरून तिने दात नीट निरखले, पुन्हा एकदा निरखले. मग डॉक्टरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "माजं कसं असतील गो?"

हौसा आठवायला लागली. ती या घरात आली तेव्हा विमलबाईच्या हातात मिश्री होतीच. सासू गेली, विमलबाईचा नवरा काळुराम गेला, तिच्या माहेरीही कोणी उरलं नव्हतं. ते दात बघितलेलं एकही माणूस आता राहिलं नव्हतं.

"मना काय म्हाईत, आक्का? मी आले तवा कालंच व्हतं."

विमलबाईने तिच्या हातातून आरसा घेतला आणि तोंड न उघडताच त्यात बघत राहिली.